रोडरोलरचा खांदा

मास्तरांनी आयुष्यात एकाही वर्गाला शिकवलं नव्हतं. ते कुलपं दुरुस्त करायचे. चौकाच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलावं, एवढंसं. तरी त्यांना मास्तर हे नाव चिकटलं ते मार्क कापण्यावरून. खेळण्यातले रोबो असतात ना, हातपाय दुमडले की ट्रक होणारे, नाहीतर विमान होणारे, ते जमवणाऱ्या मोठ्या माणसांचं एक मंडळ होतं. चारेकशे माणसं असतील. घरच्यांच्या नजरेला नजर न देता कपाटं भरणारी सगळी. त्या मंडळासाठी मास्तर गेली सोळा वर्षं प्रत्येक नव्या रोबोचं परीक्षण लिहीत होते, दहापैकी मार्क देऊन. सोळा वर्षांत नऊच्या वर कोणी गेलं नव्हतं आणि नऊसुद्धा दोघांनाच मिळाले होते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी रोबो कानाशी धरून हलवायचा. आत काही खुळखुळलं तर अर्धा मार्क गेला. मग एकेक सांधा वाकवून त्याचे खटके मोजायचे. मग रोबोचं वाहन आणि वाहनाचा पुन्हा रोबो, असं वीस वेळा करायचं, कारण पहिल्या भेटीत सगळेच शहाण्यासारखे वागतात, खोड कळते ती विसाव्या वेळी. शिवाय कपड्यांचं मशीन पिळायला लागलं की त्याच्या झाकणावर रोबोला एका पायावर उभं करायचं. थरथरत का होईना, उभा राहिला तर घोट्याचे पूर्ण मार्क. मास्तरांच्या घरी कपडे मळले म्हणून मशीन लागायचं नाही, रोबो आला म्हणून लागायचं. "अहो, या रोबोंचे घोटे मजबूत निघाले, पण माझे टॉवेल विरले," असं त्यांची बायको एकदा म्हणाली होती, आणि ते अगदी खरं होतं.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. औषधाच्या खोक्यात तो पातळ कागद असतो, उघडला की टेबलाएवढा होणारा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी आणि वाचून झाल्यावर मूळच्या घड्या घालून परत खोक्यात बसवणारी ती बहुधा जगातली एकटीच बाई असावी. मास्तरांचं नेमकं उलटं. रोबोबरोबर येणारं पत्रक, म्हणजे कुठला भाग कधी वळवायचा त्याचा कागद, त्यांनी कधी उघडून पाहिला नाही. "पंचवीस वर्षं कुलपं उघडतोय मी," ते म्हणायचे. "एकाही कुलपानं मला कागद दाखवला नाही. वस्तू चांगली असली की हाताला आपणहून सांगते." मंडळात हे वाक्य लोक एकमेकांना ऐकवायचे. मास्तरांना त्याचा मनातून फार अभिमान होता.

तर अशा या मास्तरांच्या घरी शनिवारी दुपारी त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. बारक्या त्रेचाळीस वर्षांचा होता, वजनानं नव्वदीच्या पुढे, आणि डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या आसपास तेवढे शिल्लक होते. पण घरातलं नाव एकदा पडलं की पडलं. त्याच्या हातात बुटाचं खोकं होतं आणि ते त्यानं पोटाशी असं धरलं होतं की वहिनीला वाटलं आत मांजराचं पिल्लू आहे.

"टेबलावर ठेवा, भावजी. पण हळू हं," ती हसत म्हणाली.

हा त्या घरातला जुना विनोद होता. बारक्या जड हाताचा. लहानपणी दोघा भावांत मिळून एक पिवळा रोबो होता, कुणाच्या तरी घरून वापरून आलेला, पत्रकाशिवाय. दोघांनी डोकं लढवून त्याचा डंपर करायला शिकून घेतलं होतं. एके दिवशी सात वर्षांच्या बारक्यानं तो फळीवरून उचलला आणि त्याचा हात खांद्यातून निखळून बारक्याच्या मुठीत आला. आईनं दोन धपाटे घातले. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की आत्या ती गोष्ट काढायची, मुठीत हात घेऊन रडणाऱ्या बारक्याची नक्कल करायची आणि सगळी पोट धरून हसायची. बारक्याही हसायचा. मास्तर मात्र गोष्ट सुरू झाली की पाणी प्यायला उठायचे.

खोक्यातून निघाला तो एक रोबो. रंग रस्त्यावरच्या मशिनांचा असतो तसा, मळकट पिवळा. पोटऱ्यांच्या जागी दोन अर्धगोल आणि छातीवर छोटंसं इंजिन.

"हे वळवलं की काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"रोडरोलर."

वहिनीला हसू आवरेना. "रोडरोलर? अहो भावजी, लोकांना विमान हवं असतं, रेसची गाडी हवी असते."

"दादाला विचारा," बारक्या म्हणाला. "आमच्या गल्लीत रस्ता होत होता तेव्हा आम्ही दोघं आठ दिवस खिडकीला चिकटून होतो."

तो एका लहानशा खेळण्यांच्या कारखान्यात कामाला होता. काम काय, तर खोकी. दुसऱ्यांनी आखलेल्या खेळण्यांची खोकी. झाकणाला खिडकी कुठे कापायची, आतलं खेळणं हलू नये म्हणून पुठ्ठ्याची जीभ कुठे ठेवायची. अठरा वर्षं त्यानं हेच केलं. हा रोडरोलर मात्र त्यानं घरी, सुट्टीच्या दिवसांत, चार वर्षं खपून आखला होता. कारखान्याच्या मालकीणबाईंना तो आवडलाही होता. पण पोलादी साचा एकदा कापला की कापला, मग चूक मागे घेता येत नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, मास्तरांकडे द्या, त्यांचा कागद येऊ दे, सोमवारी अकराला बसून हो की नाही ते ठरवून टाकू. नाही म्हणाल्या तर बारक्या पुन्हा खोक्यांवर, आणि या वयात नवीन काही आखायला तो बसणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मास्तरांनाही.

"दादा, घरचा म्हणून अर्धा मार्कसुद्धा वाढवू नकोस," दारात चपला घालताना बारक्या म्हणाला.

"वाढवायचा प्रश्न येतोच कुठे?"

"आणि घरचा म्हणून कापूही नकोस."

खरं सांगायचं तर मास्तरांनी मनात तेच ठरवलं होतं. लोकांनी उद्या म्हणू नये की भावाला झुकतं माप दिलं. त्यापेक्षा एखादा काटा जास्त टोचलेला बरा.

तो गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, टेबलावर जुनं फडकं अंथरलं आणि रोबो कानाशी नेला. आत काहीही खुळखुळलं नाही. खटके मोजले, गुडघ्याला सात, कोपराला पाच, सगळे एका सुरात. पोटऱ्यांवरचे ते अर्धगोल जुळवून पाहिले तर त्यांचा एक अख्खा रूळ तयार झाला, खऱ्या धातूचा, आणि बोटानं ढकलला की टेबलावर असा घरंगळत गेला की मास्तरांनी तो उगाचच चार-पाचदा ढकलला. मशीन लावलं. रोबो झाकणावर एका पायावर उभा राहिला आणि टॉवेल पिळून संपले तरी उभाच होता. मास्तरांना गहिवरून आलं. मग आपल्याला गहिवरून आलंय हे लक्षात येताच ते चिडले आणि खोडी शोधायला लागले.

खोडी होत्याच. चेहरा गोड होता, पण मागची चाकं रोबोच्या पाठीवर तशीच लटकत होती. पाठीवर एवढं बिऱ्हाड घेऊन कोण लढणार? अर्धा मार्क गेला. कंबर फिरते की नाही ते पाहिलं, तर ढिम्म हलेना. आणखी अर्धा. मग रोबोचा रोडरोलर करायला घेतला. पाय दुमडले, रूळ पुढे आला, डोकं आत गेलं, सगळं लोण्यासारखं. राहिले हात. उजवा हात खाली घ्यायला गेले तर तो अर्ध्यावर अडला. मास्तरांनी थोडा दाब दिला. अडलेलाच. जरा जास्त दिला.

कट् असा आवाज झाला. हात मोडला नाही, पण खांद्याच्या बिजागरीवर एक पांढरी रेघ उमटली. प्लास्टिकला ताण सोसवला नाही की ते असं पांढरं पडतं, आणि पांढरं पडलेलं प्लास्टिक आज ना उद्या तुटतं. मास्तर त्या रेघेकडे बघत बसले. आपणच जास्त दाबलं की काय, असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचा त्यांनी राग बनवला. पुढच्या एकोणीस फेऱ्या केल्याच नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका फेरीत निकाल लावला.

रविवारी सकाळी परीक्षण लिहिलं. रूळ उत्तम, घोटे उत्तम, खटके सुरेख. मग खाली: "खांदा कच्चा. सोबत फोटो. कंबर निरुपयोगी. या खांद्यानिशी हा रोबो बाजारात येऊ नये. दहापैकी पाच." ते मालकीणबाईंना धाडलं आणि बारक्यालाही. भावाला चुचकारलं नाही याचं समाधान वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

बारक्याचं उत्तर तासाभरानं आलं. "फोटो बघितला. ठीक आहे, दादा."

एवढंच. ना का म्हणून विचारलं, ना वाद घातला. मास्तर दिवसभर फोन उलटा ठेवून बसले.

सोमवारी बायकोची दुकानातली पाळी दुपारची होती, म्हणून सकाळी ती घरीच होती. टेबल पुसताना तिनं बुटाचं खोकं उचललं, तर तळाशी घडी घातलेला कागद. कागद दिसला की तिला राहवत नाही. ती खुर्ची ओढून बसली, पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, आणि वाचता वाचता रोबो हातात घेतला. मास्तर दुकानात जायला म्हणून बूट घालत होते. टिक् असा बारीकसा आवाज आला म्हणून त्यांनी वर पाहिलं. टेबलावर रोडरोलर उभा होता. पुरा. दोन्ही हात बाजूंना असे बसले होते की फट दिसेना.

"हे कसं केलंस?" मास्तर एक बूट घालून टेबलापाशी आले.

"लिहिलंय ना," ती म्हणाली.

"मला दाखव."

तिनं तेविसाव्या पायरीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. "छाती अंगठ्यानं आत दाबा. टिक् असा आवाज येईल. आता कंबर अर्धा फेरा फिरवा, मगच हात खाली घ्या. इथे जोर लावायचा मोह होतो. लावू नये."

मास्तरांनी रोबो परत उभा केला, छाती दाबली. टिक्. कंबर फिरली, आणि हात आपल्या वजनानं खाली गेला. म्हणजे छातीत छुपी कडी होती. साधं कुलूप. पंचवीस वर्षं कुलपं उघडणाऱ्या माणसाला समोरचं कुलूप दिसलं नव्हतं, आणि कुलूप लागलेलं दार त्यानं खांद्यानं ढकललं होतं.

"अहो, आणि हे बघा," बायकोनं कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला. "हे हात कोणाचे आहेत?"

पत्रकात एकतीस चित्रं होती. प्रत्येक चित्रात रोबो वळवणारे दोन हात काढले होते, आणि प्रत्येक उजव्या हाताची करंगळी टोकाशी बाहेर वळलेली होती. मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ती करंगळी लहानपणी दारात सापडली होती तेव्हापासून तशीच होती. बारक्यानं चार वर्षं बसून आखलेल्या खेळण्याच्या कागदावर एकतीस वेळा त्यांचा हात काढला होता, आणि त्यांनी तो कागद उघडलासुद्धा नव्हता.

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांना ती फळी आठवली. पिवळा रोबो, बारक्या आंघोळीला गेलेला, आणि डंपर करताना अडलेला हात. तेव्हाही त्यांनी जोरच लावला होता. मोडलेला हात त्यांनी डिंक लावून जागेवर टेकवून ठेवला आणि रोबो फळीवर पाठ करून उभा केला. पाच मिनिटांत बारक्या ओल्या केसांनी आला आणि त्यानं तो उचलला. पुढची गोष्ट आत्या सांगतेच.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"वाजले किती?"

"अकराला दहा कमी."

त्यांनी बारक्याला फोन लावला, बंद. मालकीणबाईंना लावला, बंद. त्यांच्या खोलीत बसायचं तर सगळ्यांचे फोन बंद करून दारातच बिस्किटांच्या डब्यात काढून ठेवावे लागत, असं बारक्यानं एकदा हसत सांगितलं होतं. आज त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मास्तरांनी रोडरोलर कोटाच्या खिशात कोंबला, पत्रक दुसऱ्या खिशात, आणि ते निघाले. कोपऱ्यावर दुकानापाशी एक गृहस्थ कुलूप अडकलेली सूटकेस घेऊन उभे होते. मास्तरांनी "उद्या" एवढंच म्हटलं आणि पुढे सुटले. वयाच्या मानानं ते बरेच जोरात पळत होते. सिग्नलला थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका पायात बूट आहे आणि दुसऱ्यात चप्पल.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर खोली होती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दार न ठोठावता मास्तर आत शिरले. लांब टेबलाच्या एका टोकाला मालकीणबाई, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, समोर परीक्षणाचा कागद. दुसऱ्या टोकाला बारक्या, इस्त्रीच्या शर्टात. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मास्तर? या, बसा," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही आत्ताच ठरवलं. खांद्याचं तुम्ही म्हणता ते गंभीर आहे. तर हे आपण राहू देऊ या."

"ते परीक्षण मी मागे घेतोय," मास्तर धापा टाकत म्हणाले.

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आधी त्यांच्या पायांकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं. "भाऊ आहे म्हणून?"

"भाऊ आहे म्हणून तर आधी ते तसं लिहिलं."

ते बसले नाहीत. उभ्यानंच खिशातून रोडरोलर काढला, त्याचा रोबो केला आणि म्हणाले, "मोजा." मग त्यांनी वीस फेऱ्या केल्या. छाती, टिक्, कंबर, हात. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मालकीणबाई बोटांवर मोजत होत्या. अकराव्या फेरीला त्यांना कंटाळा आला असावा, पण मास्तरांनी एकही गाळली नाही. विसाव्या फेरीनंतर त्यांनी रोबो मालकीणबाईंसमोर ठेवला. डावा खांदा निर्मळ होता. उजव्यावरची रेघ होती तेवढीच होती.

"ही रेघ खेळण्याची नाही, माझी आहे," ते म्हणाले. "मी पत्रक वाचलं नाही. अडलं तिथे जोर लावला आणि दोष खांद्याला दिला. मंडळालाही मी हेच लिहिणार आहे."

बारक्या टेबलाकडे बघत होता. मालकीणबाईंनी रोबो उचलला, स्वतः छाती दाबली, टिक् ऐकलं आणि पुन्हा दाबली.

"मग आता मार्क किती?" त्यांनी विचारलं.

"साडेआठ."

"दीड कशाचा कापला?" हे बारक्यानं विचारलं. सकाळपासूनचं हे त्याचं बहुतेक पहिलंच वाक्य असावं.

"अर्धा पाठीवरच्या बिऱ्हाडाचा. तो मी सोडणार नाही. आणि एक छुप्या कडीचा. माझ्यासारखे कागद न वाचणारे शहाणे जगात पुष्कळ आहेत. छातीवर एक बाण कोर. एवढासा. म्हणजे कोणाच्या हातून खांदा जाणार नाही."

मालकीणबाईंनी बारक्याकडे पाहिलं. "बाण कोरायला किती दिवस लागतील?"

"दोन," बारक्या म्हणाला. मग लगेच म्हणाला, "एकही पुरे."

"मग बुधवारी साचेवाल्याला बोलावते." त्यांनी परीक्षणाचा कागद उलटा करून बाजूला सारला.

दोघे भाऊ जिना उतरून खाली आले. बारक्यानं डब्यातून घेतलेला फोन हातातच धरला होता. शेवटच्या पायरीवर मास्तर थांबले. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

"बारक्या, तो पिवळा रोबो तू मोडला नव्हतास. मी मोडला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. हात माझ्या मुठीत आला ना, तेव्हा डिंक ओला होता. माझी बोटं चिकटली होती."

छत्तीस वर्षं हा माणूस आत्याच्या नकलेला हसत होता.

"मग सांगितलं का नाहीस? आणि काल तरी. फोटो बघून तुला कळलं असणारच."

"कळलं. एका नजरेत कळलं." बारक्यानं जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. "वाटलं, या वेळी तरी तू आपणहून येशील. अकरा वाजून गेले तेव्हा वाटलं, नाही येत."

"मग त्या कागदावर माझा हात कशाला काढलास, इतकं सगळं माहीत असताना?"

"हात चांगलाच आहे तुझा. डंपर करायला मला त्यानंच शिकवलं." मग वर म्हणाला, "फक्त घाई करतो."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी समोरचं धूसरच दिसत होतं. बारक्यानं त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि त्या दोन जातींच्या पायताणांकडे बघून त्याला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. मास्तरही हसायला लागले. दोघं दारात उभं राहून डोळे पुसत हसत होते, आणि आतबाहेर करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"दादा, एक काम करशील?" बारक्या शेवटी म्हणाला.

"सांग."

"पुढच्या वेळी आत्यानं ती गोष्ट काढली ना, की पाणी प्यायला उठू नकोस."

"नाही उठणार," मास्तर म्हणाले. "मीच सांगेन."